रॅपिडला सगळे शॉट वर का चाललेत? (२५ मीटर, स्पोर्ट्स पिस्तूल)

पन्हाळा_पायथा · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा डोकं लावा. माझं चालेना झालंय.

चार वर्षांपूर्वी १० मीटर एअर पिस्तूलनं सुरुवात केली. बँकेची नोकरी सांभाळून सकाळी साडेसहाला रेंजवर जातो, नऊला परत. सहा महिन्यांपूर्वी सर म्हणाले, आता पॉइंट टू-टू (खऱ्या काडतुसाचं .२२ पिस्तूल) धर. धरलं. आवाजाची भीती पंधरा दिवसांत गेली, राऊंडच्या (काडतुसांच्या) खर्चाची अजून गेलेली नाही. पन्नासची पेटी संपली की पोटात गोळा येतोच.

काल पहिल्यांदा स्पर्धेत उतरलो. प्रिसिजनचे, म्हणजे सावकाश नेम धरून मारायचे ३० शॉट, ३०० पैकी २७१. माझ्या मानानं झकास. मग रॅपिडचे ३०, पाच-पाचच्या मालिकांत: हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक शॉट, मग हात पुन्हा खाली. तिथं पार वाट लागली. मालिका अशा: ३८, ३९, ४२, ४३, ४३, ४३. एकूण २४८. सरावात शनिवारी मी २६० च्या पुढं मारतो, म्हणजे येत नाही असं नाही.

जवळजवळ सगळे शॉट बाराच्या बाजूला, सरळ वर. डावं-उजवं फार नाही. मला वाटतं हात वर येताना थांबतच नाही, गाडी सिग्नल तोडून पुढं जावी तसा जातो आणि शॉट तिथंच सुटतो. तिसऱ्या मालिकेपासून मुद्दाम जरा खाली धरायला लागलो, म्हणून ४२-४३ तरी आले. हात थांबवायला काय करू? खांद्याचा व्यायाम वाढवू का? सर सध्या बाहेरगावी आहेत, फोनवर एवढं बोलता येत नाही.

---

उजळाईवाडी_एक्सप्रेस · रविवार, रात्री १०:०५

भावा, पहिल्याच स्पर्धेत २७१? नाद खुळा. रॅपिडचं टेन्शन घेऊ नको, हळूहळू बसंल.

---

कर्वेरोडवासी · रविवार, रात्री १०:१८

दादा, स्पोर्ट्स पिस्तूल हा प्रकार मोठ्या गटात महिलांचा ना? पुरुषांचा सेंटर फायर असतो, त्यातही प्रिसिजन आणि रॅपिड असे दोन टप्पे असतात. आपण नक्की कोणत्या गटात खेळलात? की ज्युनियर?

---

पन्हाळा_पायथा · रविवार, रात्री १०:२१

महिला गटातच खेळलो. मी बाई आहे.

---

उजळाईवाडी_एक्सप्रेस · रविवार, रात्री १०:२३

😂😂 पुणेकर, आमच्याकडं पोरी "जातो, येतो, खातो" असंच बोलतात ओ. सॉरी ताई, मी पण भावा म्हणालो. तरी नाद खुळा तो खुळाच.

---

कर्वेरोडवासी · रविवार, रात्री १०:३०

क्षमस्व ताई. नवीन माहिती मिळाली. नेमबाजीची नाही, पण मिळाली.

---

मिरजकर_२२ · रविवार, रात्री १०:५२

ताई, मी दहा वर्षं मारतोय (पुरुष आहे, आधीच सांगतो). तुमचा अंदाज मला पटतो. नवीन माणूस हिरवा दिवा लागला की दचकून हात उचलतो. तीन सेकंद म्हणजे फार कमी असं डोक्यात बसलेलं असतं. हात झपकन वर, मग ब्रेक, मग माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) शोधायची, मग ट्रिगर. यातल्या प्रत्येक कामाला वेगळा वेळ दिला तर तीन सेकंद पुरत नाहीतच.

ही सगळी कामं एकातच मिसळायची. हात उचलायला लागला की बोटानं ट्रिगरचा पहिला दाब घ्यायचा. २५ मीटरला ट्रिगर किमान १००० ग्रॅम लागतो, एअर पिस्तूलला ५०० च. म्हणजे दुप्पट ओढ आहे. तो सगळा भार शेवटच्या क्षणी टाकला की पिस्तूल हलणारच. हात पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त वजन बोटावर आलेलं पाहिजे. उचलायचा वेगही सारखा ठेवायचा. सुरुवातीला जरा जलद, शेवटच्या वीतभर अंतरात मंद. रंकाळ्यावर होडी धक्क्याला लागते तशी.

खांद्याचा व्यायाम करा, नुकसान नाही. पण तुमचं दुखणं खांद्यात नाही असं वाटतं.

---

डॅलसचा_पाटील · सोमवार, पहाटे ४:१५

इथं संध्याकाळ आहे म्हणून लिहितोय. मी मूळचा शाहूपुरीचा, इकडं प्रॅक्टिकल शूटिंग खेळतो. दोन्ही हातांनी धरतो, कमरेच्या होल्स्टरमधून काढतो, पळत पळत वेगवेगळ्या टार्गेटवर मारतो. त्यामुळं माझा सल्ला जसाच्या तसा लावू नका, पण एक फरक सांगतो.

आमच्याकडं गुणांना सेकंदांनी भागतात. १० सेकंदांत ६० गुण म्हणजे ६. आठ सेकंदांत ५४ गुण म्हणजे ६.७५. सहा गुण घालवूनही दुसरा पुढं गेला. आम्हाला वेग विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत गुणांत मोजावी लागते. आज किती द्यायची, हे रोज ठरवावं लागतं.

तुमच्याकडं तसं काहीच नाही. दीड सेकंदात दहा मारला काय आणि दोन पूर्णांक आठला मारला काय, दोन्ही दहाच. तीन सेकंद तुम्हाला फुकट मिळालेत. तरी मी पाहिलेले बहुतेक नवे लोक निम्मे परत करतात. रविवारी इथल्या रेंजवर एकानं विचारलं, तुझा वेग कसा वाढला? मी म्हणालो, आळशी झालो म्हणून. पिस्तूल वर आणताना एकही फालतू हालचाल करत नाही.

बाकी आपल्या कोल्हापूरच्या पिस्तूल नेमबाज राहीताईंना माझा नमस्कार कळवा कुणीतरी. २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेतली त्यांची फायनल मी इथं रात्र जागून बघितली होती.

---

चिखलीचा_बापू · सोमवार, सकाळी ८:१०

राही सरनोबतचं नाव निघालं म्हणून. ती फायनल रॅपिडच होती की. थायलंडच्या मुलीशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफवर सुवर्ण. फायनलला नुसता दहा चालत नाही, दहाचे बी दशांश मोजत्यात, १०.२ च्या आत बसला तरच हिट, नाहीतर भोपळा. आणि वेळ तेवढाच, तीन सेकंद. कोपराच्या दुखापतीतनं उठून आलेली पोरगी ती. त्याआधी २०१३ ला कोरियात चांगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण. तवा गावात पेढे वाटल्यालं आठवतंय.

कोल्हापूर म्हटलं की लोक रायफलच म्हणत्यात. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती, स्वप्नील कुसाळे पॅरिसला ब्राँझ, आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. सगळं खरं. पण पिस्तूलवाल्यांचं बी कौतुक व्हावं.

---

मिरजकर_२२ · सोमवार, सकाळी ८:२५

बापू, पिस्तूलचं कौतुक कमी होतं कारण पिस्तूल एका हातानं धरायचं असतं. रायफलवाले जाड जॅकेट घालून, पट्टा आवळून पडून राहतात आणि वर १०.९ मारतात. (रायफलवाल्यांनो, गंमत आहे. येऊन मारू नका.)

---

जुना_शिकलगार · सोमवार, दुपारी २:४०

पोरी, तुझं लिखाण दोनदा वाचलं. सल्ले सगळे चांगले आलेत, विशेषतः ट्रिगरचा. पण मला वेगळीच शंका आहे.

हात न थांबल्यामुळं शॉट चुकला तर तो कधी वर, कधी खाली, कधी मध्ये असा विखुरतो. रोज रेंजवर बघतो मी. घाबरलेल्या माणसाचा ग्रुप असा नीट बाराला बसत नाही. तुझा बसलाय. डावं-उजवं फार नाही, असं तूच लिहिलंयस. म्हणजे हात चांगला आहे. चांगल्या हातानं चुकीच्या जागी मारलंय.

मला सांग, प्रिसिजन संपल्यावर रॅपिड सुरू होईपर्यंत तू काय काय केलंस? मिनिटामिनिटाचं सांग.

---

पन्हाळा_पायथा · सोमवार, संध्याकाळी ७:०२

काका, पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग घातला, टेबलावर ठेवलं. पाणी प्यायलो. घरून आणलेला लाडू खाल्ला. आईला फोन केला. मॅगझिन भरून ठेवल्या. चष्मा पुसला. दहा मिनिटं डोळे मिटून बसलो. मग बोलावलं.

---

जुना_शिकलगार · सोमवार, संध्याकाळी ७:०९

आणि साइट (नेम धरायची माशी-खाच) फिरवायचा पेचकस कुठं होता?

---

पन्हाळा_पायथा · सोमवार, संध्याकाळी ७:१०

बॅगेत. का?

---

जुना_शिकलगार · सोमवार, संध्याकाळी ७:४८

सापडलं.

आता नीट समजावून सांगतो, बाकीच्या नव्या पोरांनीही वाचा. प्रिसिजनच्या टार्गेटवर काळा गोल २० सेंटीमीटर व्यासाचा असतो. तू माशी काळ्यावर ठेवत नाहीस. काळ्याच्या खाली, पांढऱ्यात थोडी जागा सोडून धरतेस, कारण पांढऱ्यावर माशी आणि खाच स्वच्छ दिसते. गोळी मात्र मधोमध लागायला हवी. म्हणून साइट अशी लावलेली असते की नेमापेक्षा गोळी वर लागावी. किती वर? काळ्याची त्रिज्या १० सेंटीमीटर, अधिक तू सोडलेलं पांढरं चार-पाच. म्हणजे १४-१५.

रॅपिडचं टार्गेट सगळंच काळं, ५० सेंटीमीटर. खाली धरायला जवळ पांढरं उरतच नाही. काळ्यावर काळी माशी ठेवायची आणि दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या आडव्या रेघांच्या आधारानं सरळ मध्यावर धरायचं. म्हणजे नेम जिथं, गोळी तिथं. त्यासाठी साइट खाली आणावी लागते. तू आणलीच नाहीस. मध्यावर धरलंस आणि गोळ्या १४-१५ सेंटीमीटर वर गेल्या.

हिशेब करून बघ. रॅपिडला दहाचं वर्तुळ १० सेंटीमीटर व्यासाचं आणि पुढं प्रत्येक वर्तुळ ८ नं मोठं. आठाची कड मध्यापासून १३ सेंटीमीटरवर, साताची १७ वर. तुझा शॉट कुठं पडणार? सातात, नशीब असेल तर आठात. ३८ आणि ३९ च्या मालिका म्हणजे तेच. मग तू खाली धरायला लागलीस तेव्हा ४३ आले.

एक विचारतो. सुरुवातीची चाचणीची मालिका मिळाली होती ना? तीत कळलं नाही?

---

पन्हाळा_पायथा · सोमवार, रात्री ८:१५

अयाई गं.

काका, चाचणीचे पाचही वरच होते. मला वाटलं मी घाबरलोय. मशीनमध्ये काही असंल हे डोक्यातच आलं नाही, सगळा दोष हातावर घेतला आणि पुढच्या तीस शॉटमध्ये हातालाच शिव्या घातल्या.

असं का झालं तेही आता कळतंय. आमच्याकडं मंगळवार-गुरुवार प्रिसिजन, शनिवारी रॅपिड. पिस्तूल क्लबचं. शनिवारी मी पोचेपर्यंत सरांनी साइट लावून ठेवलेली असायची. सहा महिन्यांत दोन्ही टप्पे एका दिवशी कधीच मारले नाहीत, आणि साइटचे क्लिक (पेच फिरवायचे टप्पे) बदलतात हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. राग सरांचा येतोय आणि स्वतःचाही. जास्त कुणाचा ते ठरवतो.

---

उजळाईवाडी_एक्सप्रेस · सोमवार, रात्री ८:१८

काकांनी पिस्तूल न बघता निदान केलं. डॉक्टर लोक रिपोर्ट मागवतात, काकांनी पेचकस मागवला.

---

मिरजकर_२२ · सोमवार, रात्री ८:४०

मी सपशेल चुकलो. वर मी खांदा, धक्का आणि होडी केलं ते ट्रिगरपुरतं वाचा.

पण काका, मी रॅपिडलाही मध्यावर नाही धरत, जरा खाली, साडेसात-आठाच्या वर्तुळाच्या आसपास धरतो. चालतं मला.

---

जुना_शिकलगार · सोमवार, रात्री ९:३०

चालू दे की. जिथं धरशील तिथं रोज धर आणि त्याप्रमाणं साइट लाव. मध्यच पाहिजे असा शास्त्रात लिहिलेला नियम नाही.

पोरी, एक वही कर. पहिल्या पानावर लिही: प्रिसिजनहून रॅपिडला किती क्लिक खाली. एका क्लिकला गोळी किती सरकते ते प्रत्येक पिस्तुलाचं वेगळं, पुस्तिकेत मिळेल, पण स्वतः मारून मोज. परत येताना तेवढेच क्लिक वर. आणि पेचकस बॅगेत नको, टेबलावर मॅगझिनशेजारी ठेव. डोळ्याला दिसला की आठवण होते.

---

कर्वेरोडवासी · सोमवार, रात्री १०:०२

वाचून फार उत्सुकता वाटली. मला शिकायचं असेल तर लायसन्स लागतं का?

---

मिरजकर_२२ · सोमवार, रात्री १०:२०

पॉइंट १७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूलला नाही लागत. पॉइंट टू-टू ला लागतं. पण तुम्ही विकत घेण्याच्या फंदात पडूच नका आधी. जवळच्या क्लबात जा, त्यांच्या एअर पिस्तूलवर सहा महिने मारा. १० मीटरला दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एका महिन्यात कळतं आवडतंय की नाही.

---

पन्हाळा_पायथा · तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी १:३०

अपडेट देतो, कारण बऱ्याच जणांनी खासगी निरोप पाठवून विचारलं.

क्लिक मोजले, वहीत लिहिले. आज दोन्ही टप्पे एकापाठोपाठ मारले. प्रिसिजन २७०, मध्ये पेचकस, रॅपिड २६३. वर जाणारे शॉट गायब.

पण आता नवीनच दिसायला लागलंय. वरच्या गोंधळाखाली हे झाकलं गेलं होतं बहुतेक. पाचातला एक शॉट डावीकडं खाली, आठात किंवा सातात. आणि तो बहुतेक वेळा मालिकेतला पहिलाच. मी उजव्या हातानं मारतो.

---

मिरजकर_२२ · शनिवार, दुपारी २:१०

आता मात्र माझं ऐका. 😀 डावीकडं खाली म्हणजे उजव्या हातवाल्याचा ट्रिगर झटका. बोट ओढताना सगळा पंजाच आवळला जातो आणि पिस्तूल वाकतं.

पहिलाच का जातो? "अटेन्शन" म्हटल्यावर लाल दिवा आणि सात सेकंद हात खाली, उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत. त्या सात सेकंदांत माणूस दिव्याकडं मांजरासारखा टपून बसतो. हिरवा लागला की अंग दचकतं आणि पंजाही. दुसऱ्या शॉटपासून लय सापडलेली असते.

---

जुना_शिकलगार · शनिवार, दुपारी ४:३०

मिरजकर बरोबर.

मी लहानपणी तालमीत जायचो. वस्ताद एकच डाव, समजा एकेरी पट, महिनाभर काढायला लावायचे. समोर जोडीदार नसला तरी. पट काढताना विचार करणारा पैलवान तोवर चितपट झालेला असतो. तुझं उचलणं तसं अंगात मुरायला हवं.

राऊंड न जाळता कर. घरी, खोलीत एकही राऊंड नाही याची दोनदा खात्री करून, पांढऱ्या रिकाम्या भिंतीकडं. टार्गेट लावायचं नाही. भिंत रिकामी असली की डोळा माशी सोडून दुसरीकडं जाऊ शकत नाही. मोबाइलवर सात सेकंद आणि तीन सेकंदांचा भोंगा लाव. उचल, बोटाचा दाब चालू, पोचलं की सुटतंय. माशी सुटण्याच्या क्षणी कुठं होती ते मोठ्यानं बोल. मग हात खाली. रोज तीस वेळा, जास्त नाही. थकल्यावर केलेला सराव वाईट सवयच लावतो.

सात सेकंदांतला श्वास ठरवून टाक. दिव्याची वाट बघायची नाही, श्वासाकडं लक्ष द्यायचं. दिवा आपोआप कळतो.

आणि रेंजवर गेलीस की पहिला शॉट वेगळा मार. पाचची मालिका नको. एक राऊंड, सात सेकंद, तीन सेकंद, पिस्तूल रिकामं करून खाली. पुन्हा एक. दहा वेळा. प्रत्येक शॉट पहिलाच.

---

डॅलसचा_पाटील · रविवार, पहाटे ५:००

काकांचा एक राऊंडवाला सराव आम्हीपण करतो. आमच्याकडं त्याला थंड शॉट म्हणतात. दिवसातला पहिला शॉट, हात गरम न करता. वहीत फक्त तो एकच लिहायचा. महिन्यानं वही वाचली की खरं कळतं, कारण बाकीचे शॉट आपल्याशी गोड बोलतात.

आणि ताई, भोंगा कधी लागला, शॉट कधी गेला हे मोजून बघा. फोनचं अ‍ॅप चालेल. माझी पैज आहे, तो डावीकडचा शॉट दोन सेकंदांच्या आत सुटत असणार.

---

पन्हाळा_पायथा · पुढच्या शनिवारी, सकाळी ११:४५

पाटील, पैज जिंकलात. भावाला मागं मोबाइल घेऊन उभा केला (रेंज ऑफिसरांची परवानगी घेऊन, कान झाकून). चांगले शॉट अडीच सेकंदांच्या आसपास जातात. डावीकडचे सगळे एक पूर्णांक सात-आठला. आख्खं सेकंद मी परत करत होतो.

आज एक-एक राऊंडचे दहा. डावीकडं दोनच गेले. पहिला आणि सातवा. सातव्याला शेजारच्या लेनवाल्याचं मॅगझिन खाली पडलं, तो धरू नका.

---

जुना_शिकलगार · शनिवार, दुपारी १२:२०

धरला. स्पर्धेतही मॅगझिन पडतात.

---

पन्हाळा_पायथा · शनिवार, दुपारी १२:२२

बरं. दोन.

---

चिखलीचा_बापू · शनिवार, दुपारी १२:५०

सगळं वाचलं. एकच राहिलं. लाडू कसला हुता?

---

पन्हाळा_पायथा · शनिवार, दुपारी १:०५

डिंकाचा. पुढच्या वेळी आधी पेचकस, मग लाडू.